प्रोटॉनचा माग : चमकणाऱ्या क्रिस्टलमधून रेडिएशन कसं मोजतात

सोलापुरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात गेलात, तर तिथल्या तंत्रज्ञाच्या छातीवर प्लॅस्टिकचा एक छोटा बॅज दिसेल. हा टीएलडी (थर्मोल्युमिनेसन्ट डोसिमीटर, म्हणजे तापवल्यावर चमकून रेडिएशन सांगणारा) बॅज. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन पांढऱ्या चकत्या असतात, डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या. ठरलेल्या मुदतीनंतर बॅज प्रयोगशाळेत जातो, तिथे चकत्या तापवतात. तापल्यावर त्यातून क्षणभर उजेड बाहेर पडतो आणि तो मोजून त्या माणसाला किती रेडिएशन लागलं ते सांगतात. आपल्याकडे अशा कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा आहे : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेलं रेडिएशन मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही.

या लेखात त्याच घराण्यातला, पण वेगळ्या स्वभावाचा एक डिटेक्टर समजून घेऊ : लिथियम फ्लोराइडचा क्रिस्टल. त्याला तापवावं लागत नाही. निळा उजेड टाकला की तो हिरवा-लाल चमकतो, आणि प्रोटॉन (हायड्रोजनच्या अणूचं धनभारित केंद्र) कुठून शिरला, कुठे थांबला, वाटेत किती ऊर्जा टाकली याचं चित्र मायक्रोस्कोपखाली दाखवतो. टीएलडीची चकती वाचली की पुसली जाते. हा क्रिस्टल दहा वेळा वाचला तरी चित्र तसंच राहतं.

प्रोटॉन थांबतो कुठे

बार्शी किंवा सोलापूरच्या कॅन्सर रुग्णालयांत रेडिओथेरपीची यंत्रं एक्स-रेवर चालतात. एक्स-रे शरीरातून आरपार जातो; गाठीच्या आधी डोस (टाकलेली ऊर्जा) देतो, गाठीत देतो आणि पलीकडेही देतो. प्रोटॉनचं तसं नाही. तो ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबायच्या अगदी आधी सगळ्यात जास्त ऊर्जा टाकतो. या शिखराला ब्रॅग शिखर म्हणतात. शिखराच्या पलीकडे डोस जवळपास शून्य. म्हणूनच १९४६ साली रॉबर्ट विल्सन यांनी प्रोटॉन उपचारासाठी वापरावा असं सुचवलं. आज चेन्नईत आणि नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात ही सोय आहे.

शिखर का येतं? सोलापूरच्या नवी पेठेतून रिक्षा कशी जाते ते आठवा. रात्री मोकळ्या रस्त्यावर ती सुसाट निघून जाते, एकाही दुकानाला तिचा पत्ता लागत नाही. संध्याकाळच्या गर्दीत तीच रिक्षा एकेका दुकानासमोर रेंगाळते. प्रोटॉन वेगात असताना वाटेतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ फार थोडा वेळ असतो, त्यामुळे थोडीच ऊर्जा देतो. हळू झाला की जास्त वेळ मिळतो, जास्त ऊर्जा जाते, त्यामुळे तो आणखी हळू होतो. आकड्यांत सांगायचं तर (एमईव्ही आणि केईव्ही ही ऊर्जेची एककं, एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) १५० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात दर मायक्रोमीटरला सुमारे ०.५४ केईव्ही टाकतो. तोच १० एमईव्हीवर उतरला की ४.६ केईव्ही, आणि १ एमईव्हीवर २६ केईव्ही. म्हणजे शेवटच्या टप्प्यात जवळपास पन्नासपट.

यावरून डोसही काढता येतो. एका चौरस सेंटिमीटरवर १०० कोटी प्रोटॉन पडले आणि त्यांची ऊर्जा १५० एमईव्ही असेल, तर पाण्यात डोस होतो सुमारे ०.८७ ग्रे (एक ग्रे म्हणजे दर किलोला एक ज्यूल ऊर्जा). तेवढेच प्रोटॉन १० एमईव्हीचे असतील तर ७.३ ग्रे. प्रोटॉनची संख्या तीच, डोस आठपट. खोलीचा अंदाज चुकला तर काय होईल ते यावरून कळतं : शिखर गाठीऐवजी शेजारच्या निरोगी भागात पडेल. मोजमाप काटेकोर का हवं, याचं याहून मोठं कारण नाही.

क्रिस्टलमधला दोष

लिथियम फ्लोराइड हे मिठाचं भावंड. मिठात सोडियम आणि क्लोरीन असतात तसे इथे लिथियम आणि फ्लोरिन, एकाआड एक, तिन्ही दिशांना. मांडणीचा चौकोनी ठोकळा एका बाजूने ०.४०३ नॅनोमीटरचा. एक सेंटिमीटर लांब-रुंद आणि एक मिलिमीटर जाड क्रिस्टलमध्ये अशा लिथियम-फ्लोरिन जोड्या किती असतात? सहावर एकवीस शून्यं. शुद्ध असताना तो काचेसारखा पारदर्शक आणि बिनरंगी दिसतो; निळा उजेड त्यातून न अडखळता निघून जातो.

मागावर चादर विणताना ताण्यातला एक धागा तुटला की तिथे नजर अडते. सोलापूरकराला हे सांगायला नको. क्रिस्टलमध्येही तसंच. जागेवरचा एक फ्लोरिन निघून गेला की पोकळी उरते. फरक एवढाच की तुटका धागा चादरीत लांब रेघ उमटवतो, क्रिस्टलमधली पोकळी मात्र एका अणूएवढाच ठिपका असते. फ्लोरिन ऋणभारित होता, त्यामुळे त्याची रिकामी जागा भार भरून काढायला एक इलेक्ट्रॉन पकडून ठेवते. या जोडीला एफ-केंद्र म्हणतात. ‘एफ’ जर्मन शब्दावरून आला : फार्बे, म्हणजे रंग. गॉटिंगेनच्या रॉबर्ट पोल यांच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रंगकेंद्रांवर पायाभूत काम झालं. आपण त्यांना रंगकेंद्रं म्हणू.

एकटं एफ-केंद्र आपल्या कामाचं नाही. ते २४८ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील उजेड शोषतं, आणि त्यावरून दिसणाऱ्या उजेडात वाचन करता येत नाही. कामाला येतात त्यांचे गट. शेजारच्या दोन पोकळ्यांत मिळून दोन इलेक्ट्रॉन असले तर ते एफ-टू केंद्र; तीन पोकळ्यांत मिळून दोन इलेक्ट्रॉन असले तर एफ-थ्री-प्लस. दोघांचं शोषण ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्यात, आणि एकमेकांवर चढलेलं. त्यामुळे एकाच निळ्या दिव्याने दोघं पेटतात. परत देताना मात्र एफ-टू ६७८ नॅनोमीटरचा लाल आणि एफ-थ्री-प्लस ५४१ नॅनोमीटरचा हिरवा उजेड देतं.

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. प्रोटॉन अणूला धडकून त्याला जागेवरून उडवतो आणि म्हणून पोकळी होते, असं वाटतं. तसं थोडं होतं, पण मुख्य कारण ते नाही. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा इलेक्ट्रॉनांना देतो. उठलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली त्याची रिकामी जागा एकमेकांत अडकून एका जागी स्थिरावतात, आणि तिथे मोकळी होणारी ऊर्जा फ्लोरिनला ढकलून पोकळी करते. त्यामुळे पोकळ्यांची संख्या टाकलेल्या ऊर्जेप्रमाणे कमी-जास्त होते. टाकलेली ऊर्जा म्हणजेच डोस. धडकेवर सगळं चाललं असतं तर या क्रिस्टलला डोसमीटर म्हणताच आलं नसतं.

घरी करता येईल असा एक प्रयोग

रेडिएशनचा प्रयोग घरी करायचा नाही. पण निळ्या उजेडाने दुसरा रंग पेटवणं आणि फिल्टरने तो वेगळा काढणं, हे स्वयंपाकघरातल्या हळदीने दाखवता येतं. कॉलेजच्या मुलांना हे एकदा दाखवावंच.

काचेच्या छोट्या ग्लासात ५० मिलिलीटर सर्जिकल स्पिरिट घ्या, त्यात चिमूटभर हळद ढवळा, दहा मिनिटं गाळ बसू द्या आणि वरचं पिवळं स्पिरिट दुसऱ्या ग्लासात ओता. खोली अंधारी करून बाजूने निळी टॉर्च किंवा नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारा. द्रव हिरवट चमकेल. आता डोळ्यासमोर पिवळा जिलेटीन कागद धरा : टॉर्चचा निळा झोत अडतो, हिरवा दिसत राहतो. प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप नेमकं एवढंच करतो. पाण्यात केलं तर हा प्रयोग फसतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. बाळ्याच्या खंडोबाचा भंडारा घेऊ नका. बाजारातल्या भंडाऱ्यात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही, घरची हळद बरी. स्पिरिट पेट घेतं, जवळ गॅस किंवा दिवा नको. टॉर्चकडे थेट पाहू नका.

क्रिस्टल की पातळ थर

डिटेक्टर दोन प्रकारचे. एक, कापून दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला क्रिस्टल, साधारण पाच ते दहा मिलिमीटर लांब-रुंद आणि अर्धा ते एक मिलिमीटर जाड. दोन, काचेवर किंवा सिलिकॉनवर चढवलेला सुमारे एक मायक्रोमीटरचा थर. थर चढवताना निर्वात पेटीत लिथियम फ्लोराइडची भुकटी तापवून वाफ करतात आणि ती वाफ समोरच्या पट्टीवर बसते. ही भुकटी पोटात जाणं विषारी आहे. वजन करताना हातमोजे आणि मास्क हवेतच.

इटलीत रोमजवळ फ्रास्काती इथे ईएनईए संशोधन केंद्रात रोझा मारिया मोंतेरेआली यांच्या गटाने या दोन्ही प्रकारांवर बरीच वर्षं काम केलं आहे. तिथेच प्रोटॉन उपचारासाठी टॉप-इम्प्लार्ट हा सरळ रेषेतला प्रवेगक (प्रोटॉनला वेग देणारं यंत्र) उभारला गेला, आणि त्याचा झोत कसा आहे हे तपासायला लिथियम फ्लोराइड वापरलं गेलं.

ठेवण्याच्या पद्धतीही दोन. डिटेक्टर झोताला आडवा धरला तर झोताचा आडवा छेद दिसतो : गोल आहे का लांबट, मध्यभागी किती दाट, कडेला किती विरळ. डिटेक्टरची कड झोताकडे ठेवली, म्हणजे प्रोटॉन कडेतून शिरून पृष्ठभागाला समांतर धावतील असं बसवलं, तर एकाच चित्रात खोलीप्रमाणे बदलणारा डोस ब्रॅग शिखरासकट उमटतो. दुसरी पद्धत जास्त देखणी आहे, आणि चुका जास्त तिच्यातच होतात.

खोलीचे आकडे आधी काढून ठेवा, नाहीतर शिखर क्रिस्टलच्या बाहेर जाईल. ३ एमईव्हीचा प्रोटॉन लिथियम फ्लोराइडमध्ये साधारण ७० मायक्रोमीटर जातो, ७ एमईव्हीचा सुमारे ३०० मायक्रोमीटर, आणि ३५ एमईव्हीचा साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. पाण्यात ३५ एमईव्हीचा प्रोटॉन पावणेबारा मिलिमीटर जातो. इथे निम्म्याहून कमी, कारण लिथियम फ्लोराइडची घनता २.६४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. उपचाराच्या वरच्या टोकाचा २३० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात तेहतीस सेंटिमीटर जातो. तेवढा लांब क्रिस्टल कोणी घेत नाही. अशा झोतासाठी पुढे पाण्याइतक्या घनतेच्या प्लॅस्टिकचे ठोकळे लावून शेवटचा तुकडाच क्रिस्टलमध्ये पकडतात.

थराबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. एक मायक्रोमीटर जाडीचा थर कड समोर ठेवून वापरला, तरी प्रोटॉन त्या एका मायक्रोमीटरमध्ये राहत नाहीत. वाटेत सतत थोडे थोडे वळतात, खालच्या सिलिकॉनमध्ये जातात, तिथून थरात येतात. त्यामुळे शिखराची खोली सिलिकॉन ठरवतं आणि थर फक्त ते नोंदवतो. हे चित्र लिथियम फ्लोराइडमधला पल्ला (प्रोटॉन थांबेपर्यंतचं अंतर) धरून वाचलं तर ऊर्जा चुकीची निघते, आणि चित्र स्वच्छ असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

बसवताना काय बिघडतं

तिरकेपणा. कड समोर ठेवताना क्रिस्टल पाच अंशांनी कलला, तर साडेपाच मिलिमीटरच्या वाटेवर प्रोटॉन अर्धा मिलिमीटर बाजूला सरकतो. खोलीतली चूक फक्त २० मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. खरा त्रास वेगळा आहे. कलामुळे झोत पॉलिश केलेल्या पृष्ठावरूनही आत शिरतो, प्रत्येक प्रोटॉनची सुरुवात वेगळ्या जागी होते आणि शिखर पसरट दिसतं. लेसर पॉइंटरचा किरण पृष्ठावरून परावर्तित करून कल तपासता येतो.

हवा. ३ एमईव्हीच्या प्रोटॉनला एक सेंटिमीटर हवा पार करायला सुमारे ०.१२ एमईव्ही खर्च येतो, म्हणजे क्रिस्टलमध्ये शिखर ५ मायक्रोमीटर अलीकडे येतं. प्रवेगकाची खिडकी आणि क्रिस्टल यांतलं अंतर मोजून वहीत लिहा. ३५ एमईव्हीला तेवढ्या हवेने फारसा फरक पडत नाही.

कड. क्रिस्टल ब्लेडने नीट फाटतो, पण कडेचा टवका उडाला तर तिथून शिरलेले प्रोटॉन पुढे जास्त खोल गेल्यासारखे दिसतात. कड आधी मायक्रोस्कोपखाली पाहा.

धूळ आणि तंतू. हा मुद्दा सोलापुरात विशेष लागू. यंत्रमागाच्या गावात हवेत कापसाचे तंतू असतात, आणि रंगवलेले तंतू निळ्या उजेडात चमकतात. क्रिस्टल टॉवेलने किंवा रुमालाने पुसू नका. रबरी फुगा दाबून हवा मारा, मग भिंगाच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने पुसा. बोटांचे ठसेही चमकतात. पाण्यात भिजत ठेवू नका; लिथियम फ्लोराइड पाण्यात अगदी थोडं विरघळतं, पण पॉलिश बिघडायला तेवढं पुरतं. दमट हवेचं भय मात्र नाही. मे महिन्यातल्या ४३ अंशांचंही नाही. रंगकेंद्रं त्या तापमानाला ढळत नाहीत. साध्या खोलीतल्या उजेडातही क्रिस्टल हाताळता येतो, फोटोच्या फिल्मसारखी अंधारी खोली लागत नाही.

वाचन

किरणन (क्रिस्टलवर प्रोटॉन सोडणं) झाल्यावर लगेच वाचू नका, किमान एक दिवस थांबा. सुरुवातीला तयार होणारी काही रंगकेंद्रं खोलीच्या तापमानाला टिकत नाहीत, त्यांचं रूपांतर होत असतं. त्या काळात घेतलेला आकडा दुसऱ्या दिवशीच्या आकड्याशी जुळत नाही. सगळ्या नमुन्यांना सारखाच वेळ द्या.

मायक्रोस्कोपमध्ये ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी, समोर निळा अडवून हिरव्यापासून पुढचं सोडणारा फिल्टर, आणि थंड ठेवलेला १६ बिटचा कृष्णधवल कॅमेरा. रंगीत कॅमेरा नको, मोबाइलचा तर नकोच. तो उजळपणा आपल्या मनाने बदलतो. भिंग ४ पट किंवा १० पट पुरतं. १० पटीला एका वेळी एक-दीड मिलिमीटरच दिसतं, म्हणून लांब वाट तुकड्यातुकड्याने टिपून जोडावी लागते, आणि जोडताना कडांचा उजेड जुळला नाही तर शिखराजवळ खोटी पायरी येते.

दर वेळी चार चित्रं लागतात : नमुन्याचं, दिवा बंद ठेवून कॅमेऱ्याचं, किरणन न केलेल्या त्याच खेपेतल्या क्रिस्टलचं, आणि सारख्या चमकणाऱ्या पट्टीचं. दुसरं आणि तिसरं वजा करायला, चौथं दिव्याचा मध्य-कड फरक काढायला. तीच पट्टी सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वाचा. एलईडी तापला की त्याचा उजेड बदलतो, आणि हा बदल पट्टीशिवाय पकडता येत नाही.

एक मिलिमीटर जाड क्रिस्टलमध्ये उजेड सगळ्या जाडीतून येतो आणि भिंग त्यातल्या एकाच पातळीवर नेमकं असतं, म्हणून चित्र जरा धूसर होतं. पातळ थरात ही अडचण नाही, पण उजेड कमी. काही ग्रेचा, म्हणजे उपचाराच्या पातळीचा डोस मोजायचा असेल तर क्रिस्टल घ्या. झोताचा बारीक आकार पाहायचा असेल आणि डोस भरपूर असेल तर थर घ्या.

उजळ म्हणजे त्याच पटीत डोस नव्हे

चित्रातलं शिखर उजळ दिसलं की लोक सरळ त्याची उंची मोजतात आणि डोस म्हणून लिहितात. हे करू नये, कारण दोन वेगवेगळ्या गोष्टी शिखराला बुटकं करतात आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

पहिली, भरून जाणं. डोस वाढत गेला की रंगकेंद्रं आधी प्रमाणात वाढतात, मग वाढ मंदावते. डोस सगळ्यात जास्त शिखरावर, म्हणून मंदी आधी तिथेच येते. शिरण्याच्या जागी आकडा बरोबर आणि शिखरावर कमी, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर खोटं होतं. तपासायची पद्धत सोपी : दुसरा क्रिस्टल घ्या, एकदशांश प्रोटॉन टाका, दोन्हींचे खोलीप्रमाणे उजेडाचे आलेख शिरण्याच्या जागी एकावर एक आणा. पूर्ण जुळले तर ठीक. मोठ्या डोसाचं शिखर खाली राहिलं तर ते भरलेलं आहे.

दुसरी गोष्ट या परीक्षेत पकडली जात नाही, आणि म्हणून जास्त फसवी आहे. वाटेच्या शेवटी प्रोटॉन एका मायक्रोमीटरमध्ये खूप ऊर्जा टाकतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या वाटेवरच पोकळ्या इतक्या दाट होतात की काही एकमेकांत मिटतात आणि दर ग्रेला मिळणारा उजेड कमी होतो. प्रोटॉन दहापट कमी केले तरी प्रत्येक प्रोटॉनची वाट तेवढीच दाट राहते, म्हणून दोन्ही आलेख जुळतात आणि सगळं ठीक वाटतं. यावर उपाय म्हणजे त्याच झोताची आयन चेंबरची (रेडिएशनने हवेत तयार होणारा विद्युतभार मोजणाऱ्या उपकरणाची) मोजणी किंवा संगणकावर काढलेला डोसाचा आलेख शेजारी ठेवून खोलीप्रमाणे दुरुस्ती काढणं. क्रिस्टलला एकट्याला हे सांगता येत नाही.

शिखराची जागा मात्र उंचीपेक्षा खूप भरवशाची. तिच्यावरून झोताची ऊर्जा काढता येते. पण मायक्रोस्कोप मायक्रोमीटरपर्यंत पाहतो म्हणून ऊर्जाही तेवढी नेमकी मिळेल असं समजू नका. सगळे प्रोटॉन एकाच जागी थांबत नाहीत, त्यांच्या थांबण्यातला पसारा पल्ल्याच्या एक टक्क्याच्या आसपास असतो. साडेपाच मिलिमीटरला ५० ते ६० मायक्रोमीटर.

डोसाचा आकडा हवा असेल तर कॅलिब्रेशनला, म्हणजे माहीत असलेल्या डोसाशी उजेड जुळवून घेण्याला, पर्याय नाही. एकाच खेपेतले आठ-दहा क्रिस्टल, अपेक्षित डोसाच्या खालपासून वरपर्यंत वेगवेगळे डोस, त्याच जागी आयन चेंबर, आणि सगळ्यांचं वाचन एकाच दिवशी एकाच दिव्याखाली. दुसऱ्या खेपेतल्या क्रिस्टलला जुना आलेख लावू नका, अशुद्धी बदलली की उजेड बदलतो. रुग्णालयातली रोजची तपासणी आयन चेंबरवरच चालते आणि ते योग्यच आहे. क्रिस्टलचं खरं मोल बारीक चित्रात आहे, जे चेंबर देऊ शकत नाही.

किरणनानंतरची काळजी

१.८८ एमईव्हीच्या वरच्या प्रोटॉनने लिथियम-७ चं बेरिलियम-७ होतं. ते किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य ५३ दिवस, आणि ४७८ केईव्हीचे गॅमा किरण देतं. प्रमाण प्रोटॉनच्या संख्येवर अवलंबून, बहुधा थोडं. तरी क्रिस्टल बाहेर काढण्याआधी सर्व्हे मीटर (रेडिएशन तपासायचं हातातलं यंत्र) लावायचाच, आणि विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याच्या नोंदीशिवाय तो खोलीबाहेर न्यायचा नाही. खिशात तर कधीच नाही.

डबीवर तारीख, ऊर्जा, प्रोटॉनची संख्या आणि कुठली कड झोताकडे होती हे लिहा. कड लिहायची राहिली तर महिन्याभराने चित्र पाहताना डावीकडून शिरले की उजवीकडून, हे भरलेल्या शिखराच्या चित्रात पटकन कळत नाही.

क्रिस्टल पुन्हा वापरायचा असेल तर आधी सगळी चित्रं जपून ठेवा, मग भट्टीत ४०० अंश सेल्सियसवर एक तास. रंगकेंद्रं मिटतात. लिथियम फ्लोराइड तापल्यावर बरंच फुगतं, म्हणून भट्टीचं दार लगेच उघडू नका. भट्टीतच सावकाश गार होऊ द्या, नाहीतर तडा जातो. गार झाल्यावर निळ्या उजेडाखाली कोऱ्या क्रिस्टलशेजारी ठेवून पाहा. दोघं सारखेच अंधारे दिसले पाहिजेत. जुन्या शिखराच्या जागी फिकी रेघ उरली असेल तर आणखी एक तास तापवा, आणि तरीही ती गेली नाही तर तो क्रिस्टल मोजणीतून काढून टाका.